धुळाजीचा फोटू

"सायेब, आता उघडलंय जरा. चला की," कौशल्याबाई तिसऱ्यांदा म्हणाली.

गहिनीनाथनं देवळाच्या मंडपातून बाहेर पाहिलं. उघडलं कसलं! पावसात समोरचं चिंचेचं झाडही धड दिसत नव्हतं.

मोमिनाबादच्या तहसील कचेरीतला हा कारकून. निजाम सरकारची जुम्म्याची सुट्टी साधून गुरुवारी दुपारीच कॅमेरा बैलगाडीत घालून तो धर्मापुरीला आला होता. देवळावरच्या मूर्तींचे फोटो काढायचे, नदीकाठी हिंडायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत. बेत झकास होता, पण माघात अवकाळी अशी झड लावील हे कुणाला ठाऊक? फोटो उमटवायच्या चार काचांपैकी तीन वाया गेल्या होत्या. हौसेला मोल नसतं, हे आता त्याला पटेनासं झालं होतं.

"बाई, उजेड नसला की काचेवर काही उमटत नाही."

"मग उजेड येईस्तोर मी हितंच बसते."

आणि बसली. कालपासून तिनं त्याची पाठ सोडली नव्हती. तो नदीवर गेला तर ही नदीवर, वेशीकडे गेला तर वेशीकडे, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. मागणं एकच, माझ्या मालकाचा फोटू काढा.

बाकी गावात कुणी कॅमेऱ्याच्या वाऱ्याला उभं राहत नव्हतं. त्या काळ्या कापडाखालून माणसाचं आयुष्य ओढून घेतात, असं म्हातारी साखराबाई छातीठोकपणे सांगत होती आणि आयाबाया पोरं पदराआड घेऊन पळत होत्या. गावोगाव हेच ऐकून गहिनीनाथचे कान किटले होते. म्हणूनच त्याला या बाईचं अप्रूप वाटलं. एवढ्या गावात एक तरी शहाणी निघाली!

"एवढी घाई कशाची?" त्यानं विचारलं. "शिमग्याला येतो. लखलखीत ऊन असेल, झकास काढू."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मालक सोमवारी परगावी निघाल्यात. त्येच्या आत काढा. मागून काढून काय उपेग? पाया पडते तुमच्या."

आणि खरंच तिनं ओल्या फरशीवर डोकं टेकलं.

गहिनीनाथला गलबलून आलं. नवरा चार दिवस गावाला जायचा, तर ही अवस्था! त्याची स्वतःची बायको तो उंबऱ्याबाहेर पडला की आधी दार लावून घ्यायची.

दुपार टळता टळता ढग फाटले आणि पिवळं ऊन पडलं. कौशल्याबाई ताडकन उठली. कॅमेऱ्याची तिपाई तिनंच खांद्यावर मारली आणि चिखल तुडवत पुढे पळत सुटली.

तिचा नवरा धुळाजी ओसरीसमोर खुर्ची मांडून तयारच होता. गुलाबी फेटा, मिशांना तेल.

"ही ऐकंचना," तो खुशीत म्हणाला. "म्हनली, वडवणीच्या देशमुखाचा फोटू हाय, मग तुमचा कावून न्हाई? मी काय बायामानसावानी भितो व्हय? काढा!"

दारात त्यांची पोर उभी होती, डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडे पाहत.

"तिघांचा मिळून काढू," गहिनीनाथ म्हणाला. "ये बाळ, बापाजवळ उभी राहा."

"तिचा नको!" कौशल्याबाई किंचाळली. पोरीला तिनं दाराआड ढकललंच. मग आवाज खाली आणून म्हणाली, "शिवकन्या लई हलते, सायेब. काच वाया जायची. मालकाचाच काढा. डोक्यापासून पायापतुर सगळे आले पायजेत."

खरंच होतं, काच एकच उरली होती. गहिनीनाथ कापडाखाली शिरला, नेम धरला, बाहेर आला. "हलू नका. श्वास रोखा."

भिंगावरचं झाकण काढून तो मोजू लागला. शेजारी कौशल्याबाई ओठ हलवत त्याच्याबरोबर मोजत होती. आठ झाले, झाकण बसलं, आणि टपोरे थेंब आलेच. फेटा भिजू नये म्हणून धुळाजी आत पळाला.

ओसरीवर येऊन गहिनीनाथ काच पेटीत नीट ठेवू लागला. कौशल्याबाई भिंतीला टेकून मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"छान उतरलाय," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "आठ-दहा दिवसांत पाठवून देतो. ते गावी नसले तरी फोटो जवळ राहील."

"फोटू तुमीच ठिवा, सायेब." तिनं आत एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. "माजी पोर नऊ वर्साची हाय. सोमवारी नेऊन तिला एका साठीच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधनार हायेत."

मग पेटीवर हात ठेवून तिनं विचारलं, "ह्यांचं आयुष्य सोमवारच्या आत सरंल न्हवं?"