दिवसभर टिकणारा अंबाडा

बायकोच्या मानेखाली एक हात घालून त्याने दुसऱ्या हाताने केस वर गोळा केले. अंबाडा डोक्याच्या वरच बांधायचा; मागे बांधला की उशीवर टोचतो. लेकीने व्हिडिओ पाठवला होता: दिवसभर न सुटणारा मेसी बन.

"मेसी कसला, बुचडाच हा," तो पुटपुटला. पक्षाघाताने तिचं बोलणं, हलणं थांबलं, तेव्हापासून तो असाच एकटा बोलायचा.

अंबाडा खरंच टिकायचा. संध्याकाळी तो दमून घरी यायचा, तेव्हा एक बटसुद्धा जागची हललेली नसायची. त्या न सुटलेल्या अंबाड्याकडे पाहिलं की उरलंसुरलं त्राणही जायचं.

आज मात्र केस उशीभर पसरले होते. दिवसभर तिच्याजवळ थांबणाऱ्या शेजारच्या काकूंवर तो वैतागला. "काकू, केस सोडायला कोणी सांगितलं होतं?"

"मी हातही लावला नाही रे," काकू म्हणाल्या. "दुपारी माझ्याकडून दूध उतू गेलं. वास आला तशी ती डोकं उशीवर घासत मान स्वयंपाकघराकडे वळवायला लागली. अजून थांबली नाहीये."

तो तिच्या उशाशी बसला.

"काकू," तो म्हणाला, "उद्याही दूध उतू जाऊ द्या."