उलटं दळण

पोलादपूरच्या बाजारात हळद महागली होती. पाटात खेकडे आले होते. हैबतीच्या राहीचं लग्न सोमवारी होतं.

लेकीच्या लग्नाचं दळण घरच्याच चक्कीवर व्हावं, म्हणून हैबतीने आज्याची बंद पडलेली पाणचक्की पुन्हा उभी केली होती. त्याने पाटाचं पाणी सोडलं. वरचा दगड गरगरला.

“अवो, तुमच्यासारखीच उलट्या खोडीची हाय ही!” त्याची बायको प्रयागबाई हसली, आणि हसता हसता गप्प झाली.

दगड खरंच उलटा फिरत होता. त्यांच्याकडे जातं उलटं फिरवायचं ते फक्त पिंडाच्या पिठासाठी.

हैबतीने पाणी तोडलं, चाकाची पाती काढून उलट बाजूने बसवली आणि पाणी सोडलं. दगड उलटाच फिरला.

त्याने पाणी पुन्हा तोडलं. पाट कोरडा पडला. दगड फिरतच राहिला. वर तांदळाचा दाणा नव्हता, तरी खाली पीठ गळत राहिलं.

“ह्यातलं चिमूटभर पण राहीच्या तोंडी जायला नको,” प्रयागबाई पुटपुटली.

“नाय जाणार,” हैबती म्हणाला. तिच्याकडे मात्र त्याला बघवलं नाही.

सकाळी अंधारातच चक्की चालते का ते बघायला, दगड कुठल्या बाजूने फिरतोय ते न बघता, त्याने पसाभर तांदूळ दळले होते, आणि त्या पिठाची भाकरी राहीने न्याहारीला खाल्ली होती.