गिअरवरचा हात

दादा वारल्यावर वहिनीला गाडी विकायची होती, पण गिअरबॉक्सच्या बिघाडाचा पिवळा दिवा गिऱ्हाइकांना पळवून लावत होता. मेकॅनिक दिराने ऑइल बदललं, सेन्सर बदलला, वायरी तपासल्या. गंमत अशी, की तो चालवायचा तेव्हा दिवा साळसूदासारखा गप्प. वहिनी बसली की पेटलाच. "दिव्याचं तुमच्याशी वाकडं दिसतंय, वहिनी!" "थट्टा पुरे भावजी, मागे बसून बघा." वहिनीने गाडी काढली, तो मागे बसला; शेजारी दादाच्या जागेवर बसायला त्याचं मन धजलंच नसतं. बायकोच्या ड्रायव्हिंगवर दादाचा काडीचा भरवसा नव्हता. ती चालवताना तो शेजारून गिअरच्या दांड्यावर सतत हात रेटून बसायचा. त्या भाराने गिअरबॉक्स झिजायचा. वळणावर दिवा पेटला, दांडा आपोआप दबला. सवयीने दीर खेकसला, "दादा, हात काढ!" दिवा झटकन विझला. वहिनीने गाडी कडेला घेतली. "भावजी, ओरडू नका त्यांना. गिअरबॉक्स काय, नवा बसवता येईल."