डाव्या हातचा मळ

"तू बस," क्लिओला म्हणाली. "आणि हात मांडीवर ठेव. एका चमच्याला जरी हात लावलास, तरी पैज मी जिंकले असं धरायचं."

रोशेल बसली. तिच्या मागे, दाराशी, आईच्या दोन बॅगा भरून तयार होत्या. मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि क्लिओलाचा उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून रोशेलचं 'अटलांटाला माझ्याकडे चल' हे पालुपद चालू होतं, आणि आज लेक गाडी घेऊनच दारात उभी राहिली. क्लिओलाने वाद घातला नाही. दुपारपर्यंत माझ्या हातचा पीच कॉबलर या टेबलावर आला तर तू एकटी परत जायचं, नाही आला तर मी मुकाट गाडीत बसते, एवढंच ती म्हणाली. रोशेलने लगेच हो म्हटलं. आईचा ओव्हन आणि आईचा हात, दोन्ही तिला ठाऊक होते.

एके काळी कॉबलर, पिठात भाजलेल्या फळांच्या फोडींचा हा गोड पदार्थ, म्हणजे क्लिओलाच्या डाव्या हातचा मळ. चर्चच्या जेवणावळीत तिचा बिडाचा तवा टेबलावर आला की बाकीच्या बायका आपापली भांडी मागे सारत. आता मात्र सगळंच खरोखर डाव्या हाताच्या माथी आलं होतं.

तिने पीचवर उकळतं पाणी ओतलं, गार पाण्याखाली धरून अंगठ्याने साली सोलल्या. चिरायच्या लाकडी फळीत तिने शेजाऱ्याकडून दोन खिळे ठोकून घेतले होते. त्यांवर एकेक पीच रोवायचा आणि कोयीभोवतीने फोडी काढायच्या. रस कोपरापर्यंत ओघळत होता. पहिला पीच उडून थेट रोशेलच्या बुटाशी गेला.

"उचलू का?"

"राहू दे तिथेच. मुंग्यांनाही रविवार आहे."

मैदा, साखर, दूध, सगळं कपभर. वाडगं घसरायला लागलं तसं तिने ते उघड्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, कमरेने ड्रॉवर दाबून धरला आणि घोटून घेतलं. तव्याची चिंता नव्हती, तो वर्षानुवर्षं ओव्हनमध्येच राहत आला होता. तिने जाळी बाहेर ओढली, तव्यात लोणी वितळलं होतं त्यात पीठ ओतलं आणि वरून डावाने फोडी सोडल्या. लोणी कडेला, पीठ मध्ये, फोडी भलतीकडेच. रोशेलला राहवेना. तिने चमचा घेण्यासाठी हात पुढे केला.

"खबरदार! कॉबलर ढवळायचा नसतो. पीठ आपलं आपण वर येतं."

"अगं ममा, एकदाच फिरवते."

"तेच म्हणते मी. ही ढवळाढवळ तुझ्या बापाकडून आली तुझ्यात."

रोशेलने हात मागे घेतला. तासभर दोघी बसून राहिल्या. पीठ खरंच फोडींच्या वर आलं, तांबूस झालं, कडेने रस बुडबुडायला लागला. क्लिओला उठली, हातमोजा दातांनी ओढून डाव्या हातात चढवला आणि तव्याचा दांडा धरला.

भरलेला तवा चार बोटं उचलला गेला आणि कलंडला. रस ओव्हनच्या तळाशी सांडून धूर झाला. तिने तो कसाबसा परत जाळीवर टेकवला. पुन्हा धरला. या वेळी तो हललाच नाही.

"ममा, पुरे आता," रोशेल हळूच म्हणाली. "मी काढते. पैज गेली खड्ड्यात."

क्लिओलाने मान फिरवली. तिला रडू येत होतं आणि ते लेकीला दिसू द्यायचं नव्हतं. चाळीस वर्षं तिचा कॉबलर तव्यासकट टेबलावर गेला होता, न मोडलेला, सगळ्यांनी आधी बघावा म्हणून. याच स्वयंपाकघरातून. मरेपर्यंत तिला इथेच राहायचं होतं, हीच चूल आणि हीच खिडकी. तिने ओव्हन बंद केला, दार उघडंच ठेवलं आणि कॉबलर निवेपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली.

मग तिने दोन वाडगे घेतले. जाळी ओढली. जागच्या जागीच, तव्यात मोठा चमचा खुपसून तिने तो सोनेरी पापुद्रा फोडला आणि वाडगा भरला. पाय ओढत टेबलापाशी गेली, वाडगा ठेवला, परत आली, दुसरा भरला. दुसऱ्या फेरीला तिला धाप लागली होती.

"तवा अजून आतच आहे," रोशेल म्हणाली.

"पैज कॉबलरची लागली होती. तव्याची नव्हे."

रोशेलने वाडग्याकडे बघितलं. आईने तिच्यासाठी कडेचा कुरकुरीत भाग काढला होता, लहानपणी काढायची तसा. तिने चमचा उचलला.

"आधी प्रार्थना," क्लिओला खुर्चीत टेकत म्हणाली. "अटलांटात विसरलीस वाटतं."

रोशेलने डोळे मिटले. "देवा, या अन्नाबद्दल तुझे आभार. हे रांधणाऱ्या हातांना आशीर्वाद दे—"

"हाताला म्हण. एकच आहे. त्याला उगाच गोंधळात पाडू नकोस."

रोशेलला हसू फुटलं, आणि त्याच्यापाठोपाठ रडूही. तिने डोळे उघडले नाहीत.

"हे रांधणाऱ्या हाताला आशीर्वाद दे," ती म्हणाली. "आणि मला एकटीला सुखरूप घरी पोचव."