मुलाची मुलाखत

मुलगा बोलताना अडखळायचा, म्हणून दूर गेल्यापासून फोन टाळायचा. मेसेज मात्र रोज न चुकता पाठवायचा. त्याच्या संशोधनाला पुरस्कार मिळाला आणि टीव्हीवर मुलाखत ठरली, तेव्हा आई वेळेआधीच खुर्ची पुढे ओढून बसली. किती वर्षांनी त्याचा आवाज कानावर पडणार होता! शेजारीणही कौतुकाने आली होती.

मुलगा पडद्यावर आला आणि पहिल्याच प्रश्नाचं उत्तर घडाघडा ऐकू आलं.

"अगं बाई!" शेजारीण म्हणाली. "खोटं कशाला बोलू वहिनी, लहानपणी मला वाटायचं, याचं डोकं जरा कमीच चालतं. आता बघा, केवढा हुशार वाटतोय!"

"हा आवाज त्याचा नाही," आई म्हणाली.

खरंच नव्हता. अडखळणारा विद्वान प्रेक्षकांना पटायचा नाही, असं वाहिनीचं मत पडलं होतं. त्याची उत्तरं निवेदकाने वाचली होती. चेहरा तेवढा मुलाचा होता.

"नसू दे हो. छाप तर पडली ना!"

आईने रिमोट उचलला आणि आवाज पार बंद केला. पडद्यावर मुलाचे ओठ मिटले, थरथरले आणि एका शब्दापाशी अडून राहिले.

"अहो वहिनी, आवाज का घालवलात? काय म्हणतोय तो?"

"जरा थांबा," पडद्यावरची नजर न काढता आई म्हणाली. "त्याला वेळ लागतो."