व्याह्यांच्या भिंतीवरचा सरदार

दोन घोट वाइन पोटात गेली की कपिलची जीभ फुटक्या पाटासारखी वाहायची, कुठल्या वावरात शिरेल नेम नाही. आज ती पोरीच्या होणाऱ्या सासरीच सुटली होती. सोफ्याच्या कडेला बसून बेबीबाई लेकाकडं रोखून पाहत होत्या.

मॉन्ट्रियलच्या त्या घरात भिंतभर वंशावळ टांगलेली. खाली नवऱ्यामुलाचं नाव, अन् वर फांद्या चढत पार बाराशे वर्षांमागच्या, जुन्या फ्रान्समधल्या एका सरदारापर्यंत. त्याच्या नावाखाली बारीक दोन ओळी.

"काय लिवलंय गं?" त्यांनी नातीला विचारलं.

यशोधरानं फ्रेंच वाचलं. "राजाशी गद्दारी केली म्हणून राजानं त्याचे डोळे काढले, आजी."

"आन् हे यांनीच लिवून टांगलं?"

"हो. दे आर प्राउड ऑफ हिम."

व्याह्यांनी पेन काढलं. सून यायची म्हणजे तिच्या घरचंही नाव फांदीवर लिहायचं, ही त्यांच्याकडची रीत. त्यांनी कपिलला विचारलं. कपिल ऐसपैस सांगत सुटला. यशोधराची मान खाली गेली.

"काय म्हनतो तुझा बाप?"

"म्हणतोय, त्याचे आजोबा गावचे पाटील होते."

बेबीबाईंचे सासरे येसकर. गावची मेलेली ढोरं ओढायची, घुंगराची काठी घेऊन दारोदार भाकर मागायची. एका सकाळी त्यांनी ती काठी पाटलाच्या ओट्यावर ठेवली. "आता तुमची ढोरं तुम्ही ओढा," म्हणाले, अन् मागं फिरले. गावानं पाणी तोडलं. त्याच उन्हाळ्यात बेबीबाईंचा थोरला, कपिलच्या आधीचा, हगवणीनं गेला. सासऱ्यांनी काठी पुन्हा उचलली नाही.

व्याह्यांचं पेन भिंतीला टेकलं. बेबीबाई उठल्या आणि त्या कोऱ्या जागेवर त्यांनी आपला तळहात ठेवला.

"आई, बस ना. प्लीज," कपिल दबक्या आवाजात म्हणाला. "यांना काय कळणार आहे?"

"यांना समदं कळतंय. बाराशे वर्सांचा आंधळा यांनी सांभाळला," बेबीबाई म्हणाल्या. "तुला डोळे असून सख्खा आजा दिसंना."