अस्सल नायक

टीव्हीवर नायकाची मुलाखत लागली होती. "आपल्याला कॉम्प्युटरची भानगड चालत नाही. पडद्यावर दिसतो तो मीच, शंभर टक्के अस्सल," तो छाती फुगवून सांगत होता.

सासरे भारावून गेले. "बघा जावईबापू, याला म्हणतात मर्द. नाहीतर तुम्ही, दिवसभर खोलीत बसून कार्टून रंगवता."

या मर्दाच्या गच्चीवरच्या उडीतली दोरी जावयानेच कॉम्प्युटरवर पुसली होती. तो उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसला.

"हां, जरा शिका त्याच्याकडून," सासरे म्हणाले.

परवाच या मुलाखतीतली नायकाची दुसरी हनुवटी त्याने पुसून दिली होती. मान वळवली की ती परत डोकावतेय का, एवढंच त्याला बघायचं होतं.